रोजच्या वापरात कोणता मोड? चौदा महिने घासून झाल्यावर लिहितोय

हे लिहायचं कारण एक बटण. नखाएवढं, गिअरच्या दांड्याशेजारचं, गाडीचा मोड बदलणारं. मोड म्हणजे गाडीचा स्वभाव: इको, कम्फर्ट, स्पोर्ट. त्यासाठी सर्व्हिस सेंटरनं मला ३८,४०० रुपये, वर जीएसटी, असा अंदाजपत्रकाचा कागद दिला. तो मी अजून गाडीच्या खणात जपून ठेवलाय, राग थंड व्हायला लागला की काढून वाचतो.

गाडीचं नाव लिहीत नाही. दोन सीट, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, आठ गिअरचं ऑटोमॅटिक, ओढ मागच्या चाकांना. एवढ्यावरून ज्यांना ओळखायची ते ओळखतील. सेकंड हँड घेतली, १९ हजार किलोमीटर झालेली. बाकीची माहिती ब्रोशरमध्ये सापडते, ती इथे उगाळत नाही.

माझा रस्ता इंदूरातला, रामबाग ते सांवेर रोड. मरीमाता, बाणगंगा, मग कारखाना. एकीकडचे आठ किलोमीटर. असल्या अंतराला स्पोर्ट्स कार कशाला, हा प्रश्न बायकोनं विचारून झालाय, तुम्ही विचारू नका.

पहिले अकरा महिने मी स्पोर्टवाला होतो. गाडी सुरू केली की ती दर वेळी आपली कम्फर्टमध्येच उठते. काल कुठे ठेवली होती याची तिला आठवण नाही. लाखो रुपयांच्या गाडीला एवढं लक्षात राहत नाही, आणि आमच्या घरच्या अडीच हजारांच्या मिक्सरला बरोबर आठवतं की परवा तो कुठल्या नंबरवर अडला होता. म्हणून किल्ली, इंजिन, बेल्ट, स्पोर्टचं बटण असा क्रम बसला. दिवसातून चार वेळा गाडी सुरू होते, महिन्याचे सव्वीस दिवस, अकरा महिने. हजार-अकराशे दाबण्या. आधी बटणावरची अक्षरं गेली, मग बाराव्या महिन्यात ते आत जाऊन बसलं आणि वर आलंच नाही.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, बटण सुटं मिळत नाही, अख्खं पॅनेल बदलायचं. वॉरंटीत येत नाही, कारण ते ‘वापरानं झिजणाऱ्या’ वस्तूंत मोडतं. मी म्हटलं, टायर झिजतो, ब्रेक पॅड झिजतो, बटण झिजायला त्यावर काय शंभरच्या वेगानं धावलो का? काउंटरवरचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, आप थोड़ा कम दबाया करो.”

पैसे भरले नाहीत. तीन आठवडे गाडी कम्फर्टमध्ये अडकून राहिली आणि माझं मत बदललं ते त्यातच. पण त्याआधी आमटीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडी घेतल्यावर दोनच महिन्यांनी होळी आली. आईनं मावशीकडे, लोकमान्य नगरला, कटाची आमटी द्यायचं काढलं. स्टीलचा डबा, दोन लिटर तरी असेल, वर फडकं बांधलेलं. आई शेजारी, डबा मांडीवर. आधी कम्फर्टमध्ये निघालो. थोडा वेळ आई गप्प होती, मग म्हणाली, “अरे, ही गाडी उचकी लागल्यासारखी का करते?”

शब्द अगदी बरोबर होता. कम्फर्टमध्ये गाडी पेट्रोल वाचवायला भराभर वरचे गिअर टाकते. पंचेचाळीसच्या वेगाला ती सहाव्यात असते आणि इंजिन बाराशे फेऱ्यांवर पेंगत असतं. समोरची टाटा मॅजिक बाजूला झाली, तुम्ही जरा पाय दिला, की तिला दोन-तीन गिअर खाली यावं लागतं. त्यात एक क्षण जातो. तेवढ्यात तुम्ही अधीर होऊन पाय आणखी दाबलेला असतो, टर्बो जागा होतो, आणि मागितली होती त्याहून जास्त ओढ एकदम येते. हीच ती उचकी.

मी तज्ज्ञासारखा “थांब, स्पोर्ट लावतो” म्हणालो आणि बटण दाबलं. पुढच्या चौराह्यावर हिरवा दिवा लागला, नेहमीइतकाच पाय दिला, आणि आमटी डब्यातून फडक्यावर, फडक्यावरून आईच्या साडीवर, साडीवरून गाडीच्या गालिच्यावर. हळद, गूळ, गोडा मसाला. डाग आहे अजून. वास ऊन तापलं की येतो, आणि खरं सांगायचं तर वाईट नाही.

बऱ्याच जणांना वाटतं स्पोर्टमध्ये इंजिनाची ताकद वाढते. माझ्या गाडीत नाही वाढत. पायाशी असलेलं पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये आता तार नसते, कॉम्प्युटर असतो. स्पोर्टमध्ये पेडल पाव दाबलं तरी तो अर्धं दाबल्यासारखं धरतो. पूर्ण दाबलंत तर दोन्ही मोडमध्ये तेवढंच मिळतं. म्हणजे गाडी जोरदार झाल्याचा जो आनंद मी अकरा महिने घेत होतो, तो बराचसा पेडलाच्या सुरुवातीच्या इंचभरातला होता. शिवाय स्पोर्टमध्ये स्टिअरिंग जड होतं, शॉकर कडक होतात (आत तेल जायची वाट वीजेवरचे व्हॉल्व्ह अरुंद करतात, स्प्रिंग तीच), सायलेन्सर गुरगुरतो. बाणगंगेच्या स्पीडब्रेकरवर कडक शॉकरचा उपयोग शून्य. त्यात माझे टायर रनफ्लॅट. पंक्चर झाले तरी ऐंशीच्या वेगानं ऐंशीएक किलोमीटर नेतात, पण त्यासाठी त्यांच्या भिंती इतक्या ताठ असतात की शॉकर कितीही नरम करा, खड्डा कमरेला कळतोच.

तर बटण बसलं, कम्फर्टची कैद झाली, आणि चौथ्या दिवशी वैतागून मी गिअरचा दांडा डावीकडे ढकलला. ‘डी’चं, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हचं, ‘एस’ झालं. हा दांडा तिथे पहिल्या दिवसापासून होता. मी त्याला स्पोर्ट मोडचंच दुसरं नाव समजत होतो. तसं नाही. दांडा फक्त गिअरबॉक्सला सांगतो. पेडल कम्फर्टचंच शांत राहतं, स्टिअरिंग हलकं, शॉकर नरम. बदलतं एवढंच की पंचेचाळीसला गाडी सहाव्याऐवजी चौथ्यात असते आणि इंजिन जागं असतं. पाय जेवढा दिला तेवढीच पुढे सरकते. उचकी गेली!

त्या दिवशी कारखान्यात पोचून मी पाच मिनिटं गाडीत तसाच बसलो होतो. अकरा महिने चुकीचं बटण दाबत होतो.

वर माझ्या गाडीत दांडा एसमध्ये असला की सिग्नलवर इंजिन आपोआप बंद पडायचं नाटकही थांबतं.

आता इकोबद्दल. माझ्या जुन्या वहीत ‘इको: बिनकामाचं’ असं लिहिलंय, ते मागे घेतो, पण निम्मंच. शहरात तो कम्फर्टहून सुस्त, आणि मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला एसी मवाळ करतो, तेव्हा डोकं फिरतं. पण लवकुश चौराह्यावरून सुपर कॉरिडॉरला लागलो किंवा उज्जैनला निघालो की चित्र वेगळं. पाय उचलला की गाडी गिअरमधून सुटून मोकळी घरंगळते, कितीतरी लांब. सपाट रस्त्यावर याची मजा येते, पुढचा सिग्नल दिसला की आधीच पाय काढायची सवय लागते. उतारावर मात्र इंजिनाचा अटकाव कमी जाणवतो, म्हणून भेरूघाटाकडे जाताना इको नको.

हिशेब टाकी ते टाकी, माझ्याच रस्त्यावरचा, लिटरला किलोमीटर: इको ९.६, कम्फर्ट ८.९, दांडा एसमध्ये ८.४, पूर्ण स्पोर्ट ७.२. महिन्याला सव्वाचारशे किलोमीटर आणि १०६ च्या वरचा पेट्रोलचा भाव धरला तर कम्फर्टपेक्षा दांडा तीनशे रुपये जास्त खातो, स्पोर्ट जवळपास बाराशे. तीनशे रुपये उचकीचं औषध म्हणून मला मान्य आहेत. बाराशे पेडलाच्या इंचासाठी होते, ते नाहीत.

लोकांना यातलं काही नको असतं. सिग्नलवर बाइकवाला काच ठोकून एवढंच विचारतो, “भिया, कित्ता देती है?” हे त्याच गावात, ज्याचे महाराज यशवंतराव होळकर १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे घेऊन होते, ६.९ लिटरची, सुपरचार्जर लावलेली, लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेल्या बॉडीची. त्यांना कुणी विचारलं नसावं. आणि पीथमपूरला २०२१ पासून ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, देशभरच्या कंपन्या तिथे गाड्या तपासतात. पूर्ण स्पोर्ट मोडची जागा ती. मरीमाता नव्हे.

बटणाचं शेवटी काय झालं? जेल रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं पॅनेल उचकटलं, आतली धूळ ब्रशनं काढली, काहीतरी फवारलं. ३५० रुपये. बटण पुन्हा वर येतं. आता ते फक्त रविवारी पहाटे, सिमरोलच्या पुढे, तेही शॉकर नरमच ठेवून. तेवढा बदल सेटिंगमध्ये जाऊन करता येतो, आणि हे सेटिंग मात्र गाडीच्या लक्षात राहतं, देव जाणे का.

दांड्याची तक्रार एकच. तोही विसरतो. दर वेळी गाडी डीमध्येच निघते, दर वेळी डावीकडे ढकला. दाबणं गेलं, ढकलणं आलं. दांडा बिघडला तर किती हजारांचा कागद येईल हे मी मुद्दाम विचारलेलं नाही.

यंदाच्या होळीला मी आईला हे सगळं समजावून सांगितलं. उचकी का लागते, आता का लागत नाही, पेडल, दांडा, चौथा गिअर. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, डब्यावर फडकं बांधलं, आणि भाच्याला हाक मारली. आमटी त्याच्या अ‍ॅक्टिव्हावरून गेली.