लेझर की ब्लेड? इम्प्लांटवरील हिरडी उघडण्याच्या दोन पद्धतींचा वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

खालच्या जबड्यातील दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढांच्या, म्हणजे 36 आणि 46 च्या, जागी माझ्या तोंडात एकाच कंपनीचे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेली धातूची कृत्रिम मुळे, आहेत. फरक इतकाच की दुसऱ्या टप्प्यात हिरडी उघडून हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंतचे तात्पुरते झाकण) बसवताना डावीकडे डायोड लेझर वापरला गेला आणि उजवीकडे साधे ब्लेड. दोन्हींवर झिर्कोनियाच्या कायमच्या कॅप बसून वर्ष उलटले आहे. आता लिहायला बसण्याचे कारण म्हणजे डावीकडचे काम करणाऱ्या क्लिनिकने नुकतेच हातात ठेवलेले 14,000 रुपयांचे अंदाजपत्रक, ज्यात टाळूवरील हिरडीचा पातळ तुकडा काढून डाव्या इम्प्लांटच्या गालाकडील बाजूस लावण्याचा प्रस्ताव आहे. तेथे आयती असलेली घट्ट हिरडी काढून टाकण्याचे 2,500 रुपये ‘लेझर चार्जेस’ म्हणून मी आधीच मोजलेले असल्यामुळे सूर थोडा आंबट लागला तर वाचकांनी समजून घ्यावे.

लेझरचे श्रेय मात्र त्याला द्यायला हवे. सुन्न करण्याचे इंजेक्शन अगदी थोडे लागले, कव्हर स्क्रूच्या, म्हणजे हिरडीखाली इम्प्लांटचे तोंड झाकणाऱ्या स्क्रूच्या, वरची हिरडी गोल कापली गेली, जळक्या वासापलीकडे काही जाणवले नाही, रक्त जवळजवळ आले नाही आणि टाके पडले नाहीत. त्याच रात्री मी वरणभात जेवलो. त्या आठवड्यात कोणी विचारले असते तर पाचपैकी पाच गुण दिले असते.

उजवी बाजू दुसऱ्या दवाखान्यात करण्याचे कारण निव्वळ काटकसर होते. तेथे लेझर नव्हता, त्यामुळे त्याचे पैसेही नव्हते. डॉक्टरांनी चीर हिरडीच्या माथ्यावर मधोमध न देता जिभेच्या बाजूला सरकवून दिली, घट्ट हिरडीची पट्टी उचलून गालाकडे ढकलली, मध्ये हीलिंग कॅप बसवली आणि दोन्ही बाजूंना एकेक टाका घातला. दोन दिवस गाल सुजला, टाके जिभेला टोचत राहिले आणि क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांनी चहाची चव गेली. तेव्हाच्या हिशेबाने स्वस्तातला सौदा महागात पडला होता.

मत फिरले ते कॅप बसून काही महिने गेल्यावर, आणि तेही घास चावताना नव्हे तर ब्रश करताना. डावीकडे गालाच्या बाजूने ब्रश फिरवला की चुरचुरते. चूळ भरताना गालाबरोबर तेथील मऊ त्वचा कॅपच्या कडेपासून ओढली जाते आणि मक्याच्या लाहीचे एखादे साल नेमके त्याच फटीत जाऊन बसते. दुखते म्हणून ब्रश हलका फिरतो, हलका फिरतो म्हणून कीटण साचते आणि कीटणामुळे कडा लाल होते. उजवीकडे यातले काहीच नाही.

कारण उजवीकडच्या डॉक्टरांनी आरशात दाखवले. त्यांनी दोन्ही बाजूंना कापसाने आयोडीनचे द्रावण लावले. गालाची मऊ, हलणारी त्वचा त्यातील ग्लायकोजेनमुळे तपकिरी होते आणि हाडाला चिकटलेली केराटिनयुक्त घट्ट हिरडी फिकीच राहते. उजव्या कॅपखाली तीन मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद फिकी पट्टी दिसली. डावीकडे तपकिरी रंग जवळजवळ कॅपच्या कडेपर्यंत पोहोचला होता. गणित सोपे आहे. डाव्या क्लिनिकच्या केसपेपरवर शस्त्रक्रियेपूर्वी घट्ट हिरडीची रुंदी 6 मिलिमीटर लिहिलेली आहे आणि हीलिंग कॅपचा व्यास 5 मिलिमीटर. मधोमध 5 चे भोक पाडले तर गालाकडे अर्धा आणि जिभेकडे अर्धा मिलिमीटर उरतो. गालाकडे किमान 2 मिलिमीटर पट्टी असावी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याहून कमी असल्यास इम्प्लांट निकामी होतोच असे नाही, पण कीटण, ब्रशचा त्रास आणि हिरडी खाली सरकणे यांचे प्रमाण जास्त आढळते. उजवीकडे काहीच कापून फेकले नाही, 6 चे 4 आणि 2 असे वाटप केले. शिंपी काज पाडताना कापडाला गोल भोक पाडत नाही, चीर देतो. एवढी साधी गोष्ट.

म्हणूनच शीर्षकातील प्रश्न, जो मला दोन्हीकडे विचारला गेला, मुळात चुकीच्या जागी बोट ठेवतो. दोष लेझरचा नाही. हेच गोल भोक धातूच्या टिश्यू पंचने (हिरडीचा गोल तुकडा कापणाऱ्या हत्याराने) पाडले असते तरी हिशेब तोच राहिला असता, आणि सरकवलेली चीर डायोडनेही देता येते. फक्त त्याचे टोक इम्प्लांटच्या धातूजवळ रेंगाळू द्यायचे नाही, कारण 47 अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर राहिली तरी हाडाला इजा होऊ शकते. या बाबतीत पाण्याच्या फवाऱ्यासह चालणारा अर्बियम लेझर अधिक सौम्य, पण तो महाग. पंचची आणखी एक अडचण अशी की खाली हाड दिसत नाही. कव्हर स्क्रूवर हाड चढले असेल तर शेवटी हिरडी उघडावीच लागते. भरपूर घट्ट हिरडी असेल तेथे मात्र पंच उत्तम, हे मान्य करायला हवे.

वरच्या जबड्याचे गणित वेगळे असते, कारण टाळू सगळाच घट्ट हिरडीचा असतो आणि तेथून पट्टी पुढे आणता येते. माझ्या धाकट्या भावाच्या पुढच्या दाताला रोल पद्धत वापरली: टाळूकडील पट्टीचा वरचा थर खरवडून ती ओठाकडील हिरडीखाली दुमडली, त्यामुळे दाताच्या मुळाशी खोलगट दिसणारी जागा भरून आली. ही पद्धत 1980 मध्ये एब्रम्स यांनी मांडली. वेगळे यंत्र लागत नाही, हात लागतो.

क्लिनिकशी झालेल्या वादात मी एवढेच विचारले की केसपेपरवर 6 आणि 5 हे दोन्ही आकडे तुमच्याच हस्ताक्षरात असताना वजाबाकी कोणी करायची होती. उत्तर आले की ‘पेशंटला टाके नको असतात’. मला टाके हवेत की नकोत हे कोणी विचारलेच नव्हते. शेवटी शस्त्रक्रियेचे शुल्क निम्मे करण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण टाळूची जखम भरण्यास दोन ते चार आठवडे जाणार आणि लावलेला तुकडा साधारण एक तृतीयांश आक्रसणार, हे मी विचारल्यावरच सांगितले. अपघात नसल्यामुळे मेडिक्लेममधूनही काही मिळणार नाही.

तूर्त मी मऊ ब्रश आणि सुपर फ्लॉसवर (कॅपभोवती फिरवायच्या जाडसर दोऱ्यावर) भागवत आहे. पुढच्या तपासणीत डावीकडे प्रोब (हिरडीची खोली मोजायची सळई) फिरवताना रक्त आले किंवा एक्स-रेत हाडाची पातळी उतरलेली दिसली तर तुकडा लावून घेईन, पण उजवीकडच्या डॉक्टरांकडून. त्यांचा दर 9,000 आहे आणि ते आधी मोजतात.