ग्लॅमिसची वाळू की ओकोटियो वेल्सची माती?

दक्षिण कॅलिफोर्नियात वाळवंटात गाडी घालायची आणि रात्री तिथेच तंबू ठोकायचा, असं ठरलं की दोन नावं हमखास निघतात: इम्पीरियल सँड ड्यून्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ग्लॅमिस, आणि ओकोटियो वेल्स. दोन्ही ७८ क्रमांकाच्या महामार्गालगत. नाव मोठं ग्लॅमिसचं, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी ओकोटियोच सुचवेन.

ग्लॅमिस म्हणजे निव्वळ वाळू. ४० मैलांहून लांब पट्टा, काही टेकड्या ३०० फूट उंच. खरी गोम टेकडीच्या माथ्यावर आहे. वाऱ्याकडची बाजू सावकाश चढते, पलीकडची एकदम तुटलेली, आणि चढताना ती अजिबात दिसत नाही. म्हणून मुरलेले चालक माथ्याशी येताच गाडी धारेला समांतर वळवतात, पलीकडे नजर टाकतात, मगच उतरतात. समोरून चढणाऱ्याला तुम्ही वेळेत दिसावं, यासाठी जमिनीपासून ८ फुटांवर फडकणारा झेंडा सक्तीचा आहे. टायरमधली हवा उतरवावी लागते. वाळूच्या खास गाड्यांना तर मागे पॅडल टायरच असतात, म्हणजे वाळू मागे ढकलणारी आडवी पाती असलेले टायर. घरची एसयूव्ही आत घातलीत, तर दिवसभर फावडं मारत बसाल.

ओकोटियोत तीच एसयूव्ही चालते, फक्त फोर व्हील ड्राइव्ह हवी. ८५ हजारांहून जास्त एकर, त्यात कोरडे ओढे, मातीचे उघडेबोडके डोंगर, शेल रीफवर शिंपल्यांचे जीवाश्म आणि पम्पकिन पॅचमध्ये भोपळ्याएवढे गोल दगड. मुलं तिथून हलत नाहीत. धूळ मात्र नाकातोंडात जाते, आणि काट्यांसाठी पंक्चरचं सामान हवंच. पश्चिमेला अँझा-बोरेगो उद्यानाची हद्द लागते; नुसत्या ग्रीन स्टिकरवर (साध्या रस्त्यावर चालवता न येणाऱ्या गाड्यांच्या नोंदणीवर) चालणाऱ्या गाड्यांना तिथे मज्जाव आहे.

खर्चातही ओकोटियो उजवं: प्रवेश आणि मोकळ्यावरचा मुक्काम फुकट. ग्लॅमिसला १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल परमिट लागतं, तेही आधी काढलेलं स्वस्त. पाणी दोन्हीकडे आपलं आपण न्यायचं.

स्वतःची सँड कार आणि सोबत जाणकार मंडळी असतील, तर ग्लॅमिसला तोड नाही. फक्त थँक्सगिव्हिंगची नोव्हेंबरातली सुट्टी टाळा. तेव्हा तिथे लाखभर माणसं उतरतात. उन्हाळ्यात परमिट लागत नाही म्हणून जायचा मोह होईल, पण तेव्हा पारा बऱ्याचदा ४३ अंशांच्या वर जातो.