रॅक टेम्प्लेट: ब्रेकमधील नशिबाचा वाटा किती घटतो?

पूलच्या टेबलावर लाकडी त्रिकोणाने रॅक लावताना (डावाआधी बॉल एकत्र मांडताना) एखादा बॉल केसभर मागे सरकला, तरी ब्रेकची, म्हणजे ती मांडणी फोडणाऱ्या पहिल्या फटक्याची, दिशा बदलते आणि डाव सुरू होण्याआधीच वाद सुरू होतो. त्यावर उपाय म्हणून गेले काही महिने मी छिद्रे असलेला पातळ प्लास्टिकचा रॅक टेम्प्लेट वापरतो आहे. ५७.१५ मिलिमीटर व्यासाचे बॉल त्या छिद्रांत अलगद बसून एकमेकांना घट्ट टेकतात. रॅक कोणीही लावला तरी तो सारखाच लागतो, आणि समोरच्याने मुद्दाम फट ठेवल्याची शंका उरत नाही.

मात्र नाइन-बॉलमध्ये, म्हणजे नऊ क्रमांकित बॉलच्या पूल प्रकारात, हीच अचूकता उलटते. रॅक पक्का असला की कडेचा बॉल जवळजवळ हमखास कोपऱ्यातील पॉकेटमध्ये जातो आणि ब्रेक करणाऱ्याला आयता फायदा मिळतो. त्यामुळे आम्ही टोकाच्या एक क्रमांकाऐवजी मधला नऊ क्रमांकाचा बॉल स्पॉटवर (टेबलावरील रॅकच्या खुणेवर) ठेवू लागलो. संपूर्ण रॅक पुढे सरकल्याने ती सोपी वाट बंद झाली. ब्रेकही आळीपाळीने घेतो, कारण जिंकणाऱ्यालाच पुन्हा ब्रेक दिला, तर दुसऱ्याने नुसते खुर्चीत बसून राहायचे!

एक उणीव जाणवली: ब्रेकनंतर टेम्प्लेटची शीट उचलेपर्यंत तिच्या कडेवरून जाणारा संथ बॉल किंचित वळतो, आणि वरच एखादा बॉल थांबला तर ती काढणे नाजूक होते. माझ्या शीटची एक कड लवकरच मुडपली. तरीही त्रिकोणाकडे परत जाण्याची माझी इच्छा नाही.