मधुमेहात वरचं बीपी: १२० धरावं की १३०?

मधुमेह्याचं वरचं बीपी १४०च्या बरंच खाली हवं, यावर आता फारसा वाद नाही. घोळ पुढे आहे: १३०च्या आत आलं की पुरे, की १२० गाठायचंच?

१२०ची बाजू अलीकडे भक्कम झाली आहे. २०१०च्या ‘अकॉर्ड’ चाचणीत १२० आणि १४० ही लक्ष्यं समोरासमोर ठेवली, तेव्हा हृदयविकाराच्या एकूण धोक्यात ठळक फरक दिसला नाही; पक्षाघात मात्र कमी झाले. २०२४मध्ये चीनच्या ‘बीप्रोड’ने १२,८२१ रुग्णांवर हाच सामना पुन्हा लावला आणि १२०च्या गटात हृदय-मेंदूचे मोठे त्रास साधारण एक-पंचमांशाने कमी निघाले. बीपी उतरून त्रास होणं आणि पोटॅशियम वाढणं हेही त्याच गटात जास्त. शिवाय वर्षभरानंतर त्या गटाची सरासरी होती १२१.६, म्हणजे १२०च्या वरच!

मला खटकतं ते उठल्याउठल्या डोळ्यांपुढे येणारी अंधारी. जुन्या मधुमेहात मज्जातंतू सुस्तावतात, उभं राहिल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या वेळेत आवळत नाहीत आणि बसून ११८ असलेलं बीपी उभ्याने ९५वर येऊ शकतं. त्यात प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, बीपीला क्लोरथॅलिडोन आणि साखरेला डापाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर बीपी आणखी उतरतं आणि रात्री लघवीला उठणं जोखमीचं. दवाखान्यात बहुधा बसूनच मोजतात, त्यामुळे हे कागदावर येतच नाही. घरी पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. तोवर गोळी वाढवण्याचा विषय नको.

दुसरं असं, की चाचण्यांत शांत बसवून मोजतात. घाईत, बोलता बोलता घेतलेला आकडा सहसा जास्त येतो. तोच ओढून १२०वर आणला, तर खरं बीपी ११०च्या आसपास गेलेलं असतं.

म्हणून माझा कौल, थोडा भीतभीतच, १३०च्या आत. मीही तोच धरला आहे. वय कमी, लघवीतून प्रथिनं जाताहेत किंवा आधी पक्षाघात झालाय, आणि उभ्याचं बीपी टिकतंय, अशांनी डॉक्टरांशी बोलून १२०कडे जरूर सरकावं. पण एका वेळी एकच गोळी बदलून. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू केली किंवा वाढवली, की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियम तपासून.