पीएस4 रिपेअरला टाकताय? आधी हे वाचा (लॅमिंग्टन रोडचा अनुभव)

मंडळी, कोणाचा पीएस4 (सोनीचं गेम खेळायचं मशीन) कुरकुरत असेल आणि तो सॅकमध्ये भरून ग्रँट रोडला निघाला असाल तर दोन मिनिटं थांबा. दुकानाचं नाव घेत नाही, लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला, ग्रँट रोडजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) प्रामाणिक कारागीरही भरपूर आहेत.

माझ्या मावसभावाकडे 1 टीबीचा पीएस4 स्लिम आहे. बरेच दिवस रखडत होता, गेम लोड व्हायला जमाना लागायचा, मॅच रंगात आली की अडकायचा, नाहीतर सीई-34878-0 एरर देऊन सरळ बाहेर फेकायचा. दुकानदाराने जरा वेळ चालू करून बघितलं आणि "बोर्ड गया है, रिबॉलिंग करना पडेगा, नहीं तो नया ले लो". साडेसहा हजार. नवीन म्हणजे पीएस5, तेवढे पैसे कुठून आणणार, पोरगं हो म्हणालं. परत मिळाला तेव्हा मशीन मस्त पळत होतं, फक्त गेम आणि सेव्ह (खेळात कुठवर पोचलो त्याची नोंद) सगळं साफ. विचारलं तर म्हणे, "बोर्ड का काम है, डेटा तो उडता ही है."

हे ऐकलं आणि माझं डोकंच सटकलं. अरे, रिबॉलिंग म्हणजे चिप उचलायची, खालच्या सोल्डरच्या गोळ्या साफ करायच्या आणि नवीन बसवायच्या, बोर्ड तोच राहतो, मग हार्ड डिस्कवरच्या डेटाचा त्याच्याशी संबंध काय? सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघितलं तर एकूण 400 जीबीच्या आसपास. 1 टीबीवाला साधारण 860 दाखवतो. मग डिस्कच बाहेर काढली, स्लिममध्ये ते एकदम सोपंय, मागच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण सरकवायचं आणि एक स्क्रू. आत 500 जीबीची लॅपटॉपमधून काढलेली डिस्क, कडा खरवडलेल्या, लेबलवर तारीख 2012 ची. पीएस4 स्लिम बाजारात आला 2016 ला! आणि मागच्या स्क्रूंवरचे कंपनीचे सील जसेच्या तसे. म्हणजे साहेबांनी बोर्डाचं तोंडही बघितलं नव्हतं. बिघडली होती फक्त डिस्क, ती काढून भंगारातली टाकली आणि पैसे घेतले रिबॉलिंगचे.

आता पीएस4 दुरुस्त कधी करायचा आणि बदलायचा कधी, यावर माझं मत. स्लो होणं, अडकणं हे बहुतेक वेळा डिस्कचं दुखणं असतं. मशीन बंद करून पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून ठेवा, सेफ मोड उघडेल, कंट्रोलर केबलने जोडून त्यातलं रीबिल्ड डेटाबेस (डिस्कवर काय काय आहे त्याची यादी नव्याने बनवणं) करून बघा. नाहीच जमलं तर हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान स्टोरेज) घरीच बसते (सिस्टीम सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून टाकावं लागतं, सेव्ह आधी काढून ठेवा). पंखा विमानासारखा ओरडतोय तर धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप). पांढरी लाइट आहे पण टीव्हीवर चित्र नाही तर आधी केबल, मग एचडीएमआय पोर्ट. यातल्या कशासाठीही नवीन मशीन घ्यायची गरज नाही. पण निळी लाइट लुकलुकत राहते, पांढरी होतच नाही आणि डिस्क बदलूनही तेच, तर मात्र खर्च करताना हात आखडा. अशा वेळी बरेच जण हीट गनने चिप नुसती तापवतात आणि त्यालाच रिबॉलिंग म्हणतात, थोडे दिवस चालतं आणि पुन्हा बोंब. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या गेम मशीनच्या लाल रिंगच्या (बिघाड झाला की पेटणाऱ्या लाल दिव्यांच्या) वेळी लोक टॉवेलात गुंडाळून मशीन तापवायचे, त्यातलाच प्रकार. मायक्रोसॉफ्टला 2007 मध्ये त्या लाल रिंगसाठी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि 1 अब्ज डॉलरच्या वर तरतूद करावी लागली होती. निळ्या लाइटच्या दुरुस्तीचा खर्च सेकंडहँड पीएस4 च्या निम्म्या किमतीवर गेला तर सरळ बदला.

मशीन रिपेअरला देताना स्टोरेज स्क्रीनचा, डिस्कच्या लेबलचा आणि सीलचा फोटो काढा, बिलावर नक्की काय केलं ते लिहून घ्या आणि काढलेला पार्ट परत मागा. आमच्या चिठ्ठीवर नुसतं "पीएस4 रिपेअर" होतं, जीएसटी नंबर नाही, काही नाही. 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकलीय, पुढे काय होतं बघू. दुकानदाराला 2012 वालं लेबल दाखवलं तर आधी आवाज चढवला, मग पैसे नाही पण एक कंट्रोलर फुकट देतो म्हणाला. तिथेच लावून बघितला, डावी स्टिक आपोआप वर जात होती.