व्हेंटिलेटरवरील रुग्णांसाठी ईआयटी पट्टा: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या अतिदक्षता विभागात गेले काही महिने ईआयटी, म्हणजे इलेक्ट्रिकल इम्पिडन्स टोमोग्राफी, हे यंत्र प्रामुख्याने एआरडीएसच्या (फुप्फुसांना सूज येऊन श्वसन अचानक निकामी होण्याच्या अवस्थेतील) रुग्णांसाठी वापरात आहे. बरगड्यांमधील चौथ्या-पाचव्या फटीच्या पातळीवर १६ इलेक्ट्रोडचा पट्टा छातीभोवती बांधला जातो, त्यातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो, आणि हवेच्या ये-जा करण्याने बदलणारा विद्युतरोध मोजून प्रत्येक श्वासाची हवा फुप्फुसाच्या कोणत्या भागात पोचते हे पडद्यावर दिसते. क्ष-किरणांचा संबंध नाही आणि रुग्णाला सीटी स्कॅनसाठी हलवावेही लागत नाही. पीप (श्वास सोडून झाल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखून ठेवतो तो दाब, सेंटिमीटर पाण्यात) १५ वर असलेला रुग्ण ट्रॉलीवरून लिफ्टपर्यंत ज्यांनी नेला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मिटलेले फुप्फुस उघडण्यासाठी हे यंत्र उपयोगी पडेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचा अधिक उपयोग झाला तो विनाकारण दिलेला दाब कमी करण्यासाठी. टायडल व्हॉल्यूमबाबत, म्हणजे दर श्वासाला दिल्या जाणाऱ्या हवेच्या मापाबाबत, २००० सालच्या एआरडीएसनेट चाचणीने स्पष्ट दिशा दिली: उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या प्रतिकिलो १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. पीपसाठी मात्र सर्वांना लागू पडेल असा आकडा मिळालेला नाही. २०१७ च्या ‘आर्ट’ नावाच्या एआरडीएसवरील चाचणीत फुप्फुस जोर लावून उघडण्याचा आणि त्यानंतर पीप चढा ठेवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू ४९.३ वरून ५५.३ टक्क्यांवर गेले. ज्याचे फुप्फुस उघडण्याजोगे नाही, त्याच्या निरोगी भागावरच तो दाब पडतो, आणि हे ऑक्सिजनच्या आकड्यावरून कळत नाही.

न्यूमोनिया झालेल्या एका सडपातळ तरुणाचे उदाहरण बोलके आहे. पीप १४, प्लॅटू (श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावर मोजलेला दाब) ३१ आणि ऑक्सिजन समाधानकारक, त्यामुळे कोणालाही काही बदलावेसे वाटत नव्हते. पीप दोन-दोनने उतरवत नेला, तेव्हा प्रत्येक पायरीवर छातीच्या पुढच्या भागातील अतिताण घटत गेला आणि पाठीकडचा भाग जेमतेम मिटला. पीप ८ वर आणल्यावर, टायडल व्हॉल्यूम तेवढाच असताना, प्लॅटू २१ झाला, म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर (प्लॅटू वजा पीप) १७ वरून १३ वर आले. याउलट, पोटाचा मोठा घेर असलेल्या एका रुग्णाचा पाठीकडचा भाग पीप १२ च्या खाली जाताच पडद्यावरून जवळजवळ नाहीसा होऊ लागला. त्याला १६ वर ठेवणे भाग पडले. दोघांनाही एकाच तक्त्यावरून पीप दिला असता, तर किमान एकाचे नुकसान ठरलेले होते.

रुग्ण स्वतः जोराने श्वास ओढू लागला की हवा पुढच्या भागातून मागच्या भागात सरकते, ज्याला पेंडेलुफ्ट म्हणतात. व्हेंटिलेटरच्या आलेखावर न दिसणारी ही गोष्ट इथे डोळ्यांनी पाहता येते, आणि गुंगीचे औषध कमी करावे की थांबावे, हा रोजचा वाद त्यामुळे लवकर मिटतो.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. चित्र छातीच्या एका आडव्या पट्ट्याचेच असते आणि फक्त बदल दाखवते. एखादा भाग हलत नसेल, तर तिथे पाणी आहे, घट्ट झालेले फुप्फुस आहे की फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे, हे त्यावरून ठरत नाही. पेसमेकर असलेल्या रुग्णाला पट्टा लावता येत नाही. छातीवर ड्रेसिंग किंवा इंटरकोस्टल ड्रेन (बरगड्यांमधून घातलेली निचरा नळी) असल्यास संपर्क सुटतो, आणि कूस बदलताना पट्टा दोन बोटे जरी सरकला तरी सकाळच्या आणि संध्याकाळच्या चित्रांची तुलना निरर्थक ठरते. म्हणून आमच्या सिस्टर त्याच्या कडेला त्वचेवर मार्करने खूण करतात. पट्ट्याखालची त्वचा दर पाळीत पाहावी लागते. शिवाय या यंत्रामुळे मृत्यूदर घटतो, हे मोठ्या चाचण्यांनी अद्याप निर्विवाद सिद्ध केलेले नाही, हे नातेवाइकांना खर्च सांगताना लपवू नये.

एआरडीएसचे रुग्ण क्वचितच येणाऱ्या विभागाने मात्र आधी फुप्फुसाच्या सोनोग्राफीत हात बसवावा, असे माझे मत आहे. त्यासाठी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखालील नोंदणीचे सोपस्कार पार पाडावे लागतात आणि सोनोग्राफीत अतिताण दिसत नाही. तरीही पाणी, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) आणि मिटलेला भाग ती खाटेशीच वेगळे करून दाखवते, आणि ईआयटीचे चित्र वाचताना नेमकी हीच माहिती हाताशी लागते.