माडीवर टाइल्स बसवताय? फळ्यांवर काय टाकलं, ते झाकायच्या आधी बघा

विदर्भातल्या खेड्यांत माडीची जुनी घरं अजून बरीच उभी आहेत. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर तीन-चार इंच माती आणि वरून शेणाचं सारवण. कापसाचा पैसा हाती आला की माडीवर टाइल्स टाकायचा विचार निघतो, आणि काम काढलं जातं ते उन्हाळ्यात. यात टाइल सहसा चांगलीच आणतात, कारण ती दिसते. पैसा खाल्ला जातो तिच्याखालच्या थरात.

वर्धा नदीच्या पट्ट्यातल्या एका गावातलं हे काम बघा. खोली दहा बाय बारा फुटांची. ठेकेदारानं भाव दिला तो "बेस, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स" असा एकत्र, चौरस फुटावर. घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांगितलं, "काकाजी, लाकूड पक्कं हाये, काही होत नाही." बिलात मरीन प्लाय (पाण्याला टिकणारी प्लाय) होती, सिमेंट बोर्ड होता, केमिकलच्या म्हणजे टाइल चिकटवायच्या अॅडहेसिव्हच्या पिशव्या होत्या. मे महिन्यात काम झालं. पोळ्याच्या सुमारास सांधे फुटले, मधल्या टाइल्स पोकळ वाजू लागल्या आणि दाराजवळची एक टाइल पायाखाली डुगडुगायला लागली.

उचलून पाहिलं तर टाइलच्या पाठीवर सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी पाठ कोरी, कारखान्याचा छापही स्वच्छ दिसत होता. त्याखाली सिमेंट-रेतीचा दोन इंच थर, तोही कच्चा, बोटानं खरवडला तर रेती सुटत होती. त्याखाली कोंबडीजाळी, मग पातळ प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकखाली जुनी माती तशीच. प्लाय होती, पण फक्त उंबऱ्यालगत हातभर रुंदीची पट्टी. दारात उभं राहून बघणाऱ्याला तेवढीच दिसली होती.

आता हे काम टिकणं शक्यच का नव्हतं, ते हिशोबानं बघू. 120 चौरस फुटांवर दोन इंच सिमेंट-रेतीचा थर म्हणजे अकराशे ते बाराशे किलो. वर व्हिट्रिफाइड टाइल्सचे सव्वादोनशे-अडीचशे किलो. खाली चार इंच माती राहू दिली असेल तर तिचे पावणेदोन टन वेगळेच. तीन टनांच्या आसपासचं हे वजन माणसं आणि पलंग-कपाट यायच्या आधीच कड्यांवर बसतं. म्हणून मातीचा कण न् कण काढणं हे या कामातलं पहिलं पाऊल आहे. तेच टाळलं जातं, कारण माडीवरून माती उतरवायला मजूर लागतात आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दिसत नाहीत.

दुसरं कारण लाकडाचं. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगतं आणि वाळलं की आकसतं. भाजलेली टाइल जवळजवळ हलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, तरी दहा इंची फळी या दोन टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. माल किंवा टाइल थेट फळीला चिकटवली तर चिरणारच. ठेकेदार मग म्हणतो, "घर बसलं." घर बसलेलं नसतं. फळी हलणार हे माहीत असूनही मधले थर टाकलेले नसतात.

नीट काम कड्यांपासून सुरू होतं. भिंतीत शिरलेलं कडीचं टोक पेचकसानं टोचून बघा. पेचकस सहज रुतला तर ते टोक कुजलं आहे किंवा उधईनं आतून पोखरलं आहे. ते तसंच ठेवून वर कितीही भारी सामान घाला, काम जाणार. त्यानंतर लचक, म्हणजे वजनानं कडी किती वाकते ते मोजायचं. कडीच्या दोन्ही टोकांना खालून खिळे मारून सूत ताणा, वर मधोमध तीन माणसं उभी करा आणि सुतापासूनचा फरक मोजा. सिरॅमिक टाइलसाठी लचक लांबीच्या 360व्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे दहा फुटी कडीला फार तर आठ मिलिमीटर. संगमरवर किंवा ग्रॅनाइट टाकायचा असेल तर याच्या निम्मी. जास्त भरली तर कडीच्या बगलेला तेवढ्याच उंचीची दुसरी कडी बोल्टनं जोडायची, दोन कड्यांमध्ये आडवे ठोकळे ठोकायचे. जुन्या घरांत कड्यांमधलं अंतर दोन-दोन फूट असतं. टाइलसाठी ते सव्वा फुटावर आणलेलं बरं, म्हणजे मधे नव्या कड्या लागतात. हे सुताराचं काम आहे. टाइल मिस्त्री "मी करून देतो" म्हणाला तरी सुताराला वेगळं बोलवा.

फळ्यांवर आणखी एक गोष्ट बघायची. उधई लागू नये म्हणून पूर्वी गाडीचं जळलेलं ऑइल फासायचे, काही ठेकेदार आजही तेच फासून "औषध मारलं" म्हणून बिल लावतात. तेलकट लाकडावर कोणतंही केमिकल धरत नाही. उधईचं औषध डबाबंद आणायला लावा आणि लेबलवरच्या प्रमाणात समोर कालवून घ्या. तेलकट फळ्या रंधून काढायच्या किंवा बदलायच्या.

बदलायच्या म्हटलं की इथं वेगळी चोरी सुरू होते. "फळ्या सडल्या, मलबा आम्हीच उचलतो," म्हणून सगळ्या फळ्या ट्रॉलीत भरून नेतात. जुन्या सागवानाला आज चांगला भाव आहे आणि सडलेलं असतं ते बहुतेक फक्त भिंतीकडचं टोक. ते वीतभर कापलं की बाकीची फळी धडधाकट निघते. काढलेलं प्रत्येक लाकूड अंगणात रचायला सांगा. न्यायचं असेल तर मोजून, भाव ठरवून आणि बिलातून वजा करून.

फळ्या कड्यांना स्क्रूनं घट्ट कसल्या की वर 12 मिमी मरीन प्लाय, फळ्यांच्या आडव्या दिशेनं. दोन शीटमध्ये 3 मिमी फट, भिंतीलगत 8-10 मिमी मोकळं. कडेला सहा इंचांवर, मधे आठ इंचांवर स्क्रू. आठ बाय चारच्या एका शीटला नव्वदच्या वर स्क्रू लागतात, खोलीला साडेतीनशेच्या वर. शंभराची एकच डबी आली असेल तर बाकी ठिकाणी खिळे ठोकले जाणार. खिळा माणसांच्या वावरानं हळूहळू वर सरकतो, मग जमीन करकरते. पीओपीच्या कामातले काळे स्क्रूही चालत नाहीत, त्यांचं डोकं तुटतं.

प्लायवर दातेरी करणीनं टाइल अॅडहेसिव्ह पसरायचं आणि ते ओलं असतानाच 6 ते 8 मिमी सिमेंट बोर्ड बसवून पुन्हा स्क्रू. बोर्डाचा सांधा प्लायच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. सांध्यांवर अल्कलीत टिकणारी जाळीची पट्टी लावून तेच अॅडहेसिव्ह भरायचं. बोर्ड मजबुतीसाठी नसतो, मजबुती कड्या आणि प्लाय देतात. तो असतो टाइलला लाकडापासून तोडण्यासाठी. म्हणून "बोर्ड टाकतो, प्लाय नको" हे बोलणं ऐकून घेऊ नका. ग्राइंडरनं बोर्ड कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला फार वाईट, मिस्त्रीला मास्क द्या आणि काम अंगणात करायला लावा.

शेवटी दहा फुटी सरळ पट्टी फिरवून बघा. दोन बाय दोनच्या टाइलसाठी पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त खड्डा नको.

मालातली अदलाबदल ओळखता येते. मरीन प्लायवर आयएसआयचा शिक्का, IS 710 हा आकडा आणि लायसन्स क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकला की कंपनी दिसते. शिक्का गठ्ठ्यातल्या फक्त वरच्या शीटवर बघू नका, सगळ्या उलटून बघा. तरी शंका असेल तर कापलेला तुकडा दोन-चार तास पाण्यात उकळा. साध्या कमर्शियल प्लायचे पदर सुटतात, मरीनचे सुटत नाहीत. अॅडहेसिव्हच्या पिशवीवर C2 आणि S1 ही अक्षरं हवीत. C2 म्हणजे जास्त पकडीचं, S1 म्हणजे वाळल्यावरही थोडं लवचीक राहणारं, आणि लाकडी जमिनीवर तेच लागतं. या खोलीला टाइलखाली 20 किलोच्या चार पिशव्या आणि बोर्डाखाली अडीच-तीन, एवढा हिशोब धरा. पिशवी समोर फोडायला लावा. ब्रँडेड रिकाम्या पिशवीत साधं सिमेंट भरून आणतात, आणि शिवण पुन्हा घातलेली असते ती नीट पाहिलं तर कळते.

टाइल बसताना पहिल्या ओळीतली एक लगेच उचलून घ्या. पाठीला निदान ऐंशी टक्के केमिकल लागलेलं दिसलं पाहिजे. गोळे दिसले तर काम तिथंच थांबवा. दोन टाइल्समध्ये सारखी फट राहावी म्हणून 3 मिमीचे स्पेसर लावायचे आणि भिंतीलगतची फट ग्राउटनं (सांधे भरायच्या मालानं) भरायची नाही, ती स्कर्टिंगखाली मोकळी राहते. माडीवर न्हाणी करायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा असं आमचं मत आहे, लाकडाला रोजचं पाणी झेपत नाही.

भाव एकत्र ठरवू नका. माती काढणं आणि कड्या, प्लाय, बोर्ड, टाइल्स असे चार टप्पे कागदावर लिहा आणि प्रत्येक टप्पा झाकला जायच्या आधी टेप ठेवून फोटो काढूनच पैसे द्या. पंधरा-वीस टक्के दिवाळीपर्यंत हातात ठेवा. पावसाळा जाऊ न देता पूर्ण हिशोब मागणाऱ्या ठेकेदाराला काम देऊच नका.

फसवणूक झालीच असेल तर सगळी जमीन उखडू नका. पंचांसमोर एक-दोन टाइल्स उचला, पाठ आणि खालचे थर टेपसकट फोटोत घ्या, टाइल जपून ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार देता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही. मात्र बिल हवं. साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली असेल तर त्यावर तारीख, ठेकेदाराची सही आणि "मरीन प्लाय, सिमेंट बोर्ड" हे शब्द काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या, आणि पैसे शक्यतो बँकेतूनच द्या.